कापूस संपेपर्यंत

माझ्या मुलीचं नाक दोन्ही बाजूंनी एकदम चालल्याचं मला आठवत नाही. डावी नाकपुडी उघडली की उजवी बंद, उजवी उघडली की डावी. साडेतीन वर्षांची आहे. झोपली की तोंड उघडं, ओठ कोरडे आणि घशातून बारीक आवाज. उठली की आधी शिंका, मग नाक चोळणं, मग डोळे चोळणं. तळहातानं नाक खालून वर घासायची तिला अशी सवय लागली की नाकावर आडवी रेघच पडली. बसमधल्या एका बाईनं ती रेघ पाहून सांगितलं, नशीबवान आहे हो पोरगी. मी म्हटलं, हो, खूपच.

आमचं राहणं दोन घरांत आहे, ते आधी सांगते. माझी शाळा रामाकोन्याच्या पुढे, सरकारी, पाचवीपर्यंतची. सासर पांढुर्ण्याला, सावरगावच्या बाजूला. सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि नवराही त्याच दुकानात बसतो. पांढुर्ण्याहून रोज शाळेत जाणं-येणं करून पाहिलं, जमलं नाही. पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्यांचे बोर्ड बदलले, बस मात्र तेवढ्याच राहिल्या. म्हणून आठवडाभर मी मुलीला घेऊन माझ्या माहेरी राहायची. माहेर सौंसर तालुक्यातच, शाळेला जवळ, कापसाचं आणि संत्र्याचं घर. मी शाळेत गेले की मुलीला माझी आई सांभाळायची. तिला आम्ही माय म्हणतो. शनिवारी शाळा सुटली की बस पकडून पांढुर्णा, सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं परत.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "पोरगी इथंच राहू दे. तू ये-जा कर. लेकराची ओढाताण काऊन करून राहिली?" असं त्या दर सोमवारी म्हणायच्या, आणि शेवटी गाडी नाकावर यायची. "या बसच्या हवेनंच तिचं नाक असं झालं."

मी नाही म्हणायची. सण कुठे करायचा, पाहुणे कधी बोलवायचे, दिवाळीत कोणत्या रंगाची साडी, सगळं तुम्ही ठरवा. पोरगी माझ्याजवळ झोपणार. एवढं एकच मी धरून ठेवलं होतं, आणि ते तिच्या नाकावर टांगलेलं होतं, हे मला समजत होतं. नाक सुधारलं नाही तर पोरगी जाणार.

बाकी त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नव्हतं. शाळा, बस, नाक. कोणी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे म्हणायचं आणि ते खरंच असायचं. दुखत काही नव्हतं. चव लागत नव्हती, एवढंच.

नाकाचं काम मी हातानं शिकले. मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत मिळतात. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंब पडला की लेकरू दचकते. मग तिला मांडीवर आडवं घ्यायचं, मान जराशी मागे, एका नाकपुडीत थेंब टाकायचे, थांबायचं, मग दुसरीत. लगेच उठवायचं नाही, काहीतरी बोलत राहायचं. मग बसवून एक नाकपुडी बोटानं बंद करायची आणि दुसरीतून फू करायला लावायचं. या वयाच्या लेकराला फू म्हटलं की ते तोंडानंच करतं, नाकानं करणं शिकवावं लागतं. मी ताटात कापसाचा बोळा ठेवायची आणि म्हणायची, याला नाकानं पळव. बोळा पळाला की ती टाळ्या वाजवायची आणि मी शेंबूड पुसायची.

कधी न्हाणीघरात गरम पाणी ओतून, दार लावून आम्ही दोघी वाफेत बसायचो. पातेल्यावर तिचं तोंड धरायचं नाही, लेकरं भाजतात. झोपताना गादीच्या डोक्याकडच्या बाजूखाली घडी केलेली सतरंजी, म्हणजे डोकं थोडं वर राहतं. हे सगळं मी डबा भरते, वह्या तपासते, तसंच करायची. ती रडली तरी हात थांबत नसे. माय एकदा म्हणाली, "तुले काही वाटत नाही का वं?" मी म्हटलं, वाटून काय होणार, नाक उघडणार आहे का?

एवढं करून शनिवारी तिला पांढुर्ण्याला न्यायचं, तर रविवारी तिथे धुरी.

तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर धुरी आमच्याकडे सगळेच देतात. सासूबाईंनी ती पुढेही सोडली नाही. रविवारी तेल लावून न्हाऊ घालायच्या, मग लोखंडी घमेल्यात गोवरीचा निखारा, त्यावर ओवा, लसणाची टरफलं, वावडिंग. पोरीला मांडीवर उपडं घ्यायचं, वरून पदर ओढायचा आणि धूर आत कोंडायचा. ती खोकायची. "खोकली म्हणजे कफ सुटून राहिला." ती रडायची. "रडली म्हणजे छाती मोकळी होऊन राहिली." थकून झोपली तर "पाहा, आराम पडला." धुरीच्या विरोधात जाईल असं एकही लक्षण त्या घरात नव्हतं.

सोमवारी तिचं नाक ठार बंद. बसमध्ये तोंडानं श्वास घेत माझ्या खांद्यावर लाळ गाळायची.

मी एकदा म्हटलं, "आई, धुरीनं तिचं नाक जास्त होते."

"तुझा नवरा याच धुरीवर मोठा झाला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइल पाहून राहिला होता, आणि त्याचंही नाक वाजत होतं.

दिवाळीच्या आधी पांढुर्ण्यातल्याच लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. सासूबाई सोबत आल्या. त्यांना माझ्या सांगण्यावर भरवसा नव्हता, आणि मला त्या यायलाच हव्या होत्या, त्यांच्या कानावर पडावं म्हणून. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी टॉर्च लावून नाक पाहिलं, नाकावरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही सर्दी नाही, ॲलर्जी आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "धुआँ, धूल, रुई-रुआँ, इन सबसे बचाइए। दवा मैं लिख दूँगा, लेकिन घर आपको बदलना पड़ेगा।"

मी पहिला शब्द ऐकला आणि सासूबाईंकडे वळले. बाकीचं त्या ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून, शाळेतल्या पोरीसारख्या, एकेक शब्द ऐकत होत्या.

बाहेर आल्यावर म्हटलं, "ऐकलं न?"

"ऐकलं."

बस एवढंच. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवसांत तेवढा एकच झाला होता. पोरगी आता माझ्याकडेच राहणार, कारण धूर त्यांचा होता.

पुढच्या शनिवारी गेले तर घर ओळखू येईना. धुरीचं घमेलं गच्चीवर, त्यात मातीत पुदिना लावलेला. देवाची अगरबत्ती बाहेर तुळशीपाशी. मच्छर अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी आणलेली. सासऱ्यांना विडी ओढायला रस्त्याच्या पलीकडे पाठवलं जायचं, आणि ते जायचे. पोरीची कापसाची गादी उचलून तिच्या जागी चटई आणि त्यावर दुहेरी चादर, ती चादर उकळत्या पाण्यात धुतलेली. झाडू मारण्याआधी त्या पाणी शिंपडत. खिडकीचा पडदा काढून टाकला होता, समोरच्या घरातली बाई सरळ आमच्या ताटात पाहू शकत होती.

"पडदा कायले काढला?" मी विचारलं.

"धूल बसते त्याच्यात. डॉक्टर म्हणाले होते."

मी मनात म्हटलं, बरं झालं, आली अक्कल. आता लिहितानाही तो शब्द बदलत नाही, तेव्हा मनात तोच आला होता.

दिवाळी झाली आणि माहेरी कापूस आला.

समोरच्या खोलीला आम्ही बैठक म्हणतो. दिवाळीपासून ती बैठक राहत नाही. खुर्च्या आत जातात, टीव्ही कपाटावर चढतो, आणि खोलीत खालपासून छतापर्यंत कापूस. पहिल्या वेचणीचा कापूस, म्हणजे पहिला वेचा, आला की माय दारात नारळ फोडते आणि कापसाला हळद-कुंकू लावते. बाबा भाव पाहून विकतात, तोवर तो घरातच राहतो. गावात आजूबाजूलाही तसंच. आम्ही भावंडं त्याच ढिगावर लोळून मोठी झालो. शाळेतून आलं की दप्तरासकट उडी. थंडीत त्यात खड्डा करून झोपलं की वर पांघरूण लागत नाही. बाबा रागवायचे नाहीत, म्हणायचे, तुडवा, तुडवलेला चांगला बसते. त्या कापसाला धूळ म्हणावं असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. धूळ म्हणजे रस्त्यावरची, धूर म्हणजे सासरचा.

मुलीनं तो ढीग पाहिला आणि वेडी झाली. चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. दुपारी माय तिला तिथेच झोपवायची, मला झोपवायची तशी. मी शाळेतून यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांवर, स्वेटरवर पांढरे तंतू. मी झटकायची आणि हसायची. दिवसातून तेवढं एकदा हसायची.

आणि नाक वाढत चाललं. डोळ्यांखाली काळं आलं. जेवताना घास तोंडात आणि श्वासही तोंडानंच, मग घास बाहेर. दूध अर्धं पिऊन टाकून द्यायची, दम लागायचा. थेंबांनी तासभर उघडायचं आणि पुन्हा बंद. मी कारणं शोधत राहिले. शेतातलं दव. बसची खिडकी. शाळेतून माझ्या पदराला येणारा खडू. मग संत्री.

बाबा रोज संध्याकाळी बागेतून तिच्यासाठी दोन-तीन संत्री आणायचे. ओसरीवर बसून सोलायचे, प्रत्येक फोडीचं वरचं साल काढायचे, बी काढायचे आणि नुसता गर तिच्या तोंडात घालायचे. मी एका संध्याकाळी म्हटलं, "बाबा, संत्रं बंद करा. थंड असते, नाक भरते तिचं."

बाबांनी हातातली फोड स्वतः खाल्ली, सालं गोळा केली आणि उठून गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून ती ओसरीवर त्यांची वाट पाहायची, आणि ते मागच्या दारानं घरात यायचे.

नाक तरी तसंच. माय म्हणाली, "थोडीशी धुरी देऊन पाहू का वं?"

"माय, आता तू पण?" एवढंच बोलले, पण आवाज असा निघाला की बाहेर कापूस आणून टाकणाऱ्या बायाही थांबल्या. मायनं चुलीकडे तोंड फिरवलं. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

त्या शनिवारी पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा पोरीला बोलताही येत नव्हतं नीट, सगळं गेंगाणं. सासूबाईंनी तिला खाली उतरवून घेतलं, स्वेटर काढलं, उलटं केलं आणि अंगणात झटकलं. मग थांबल्या. बाहीच्या आतून एक पुंजका काढला आणि बोटांत फिरवून पाहिला.

"तुमच्याकडे कापूस भरला असंल न आता?"

"हो."

"कुठं भरता?"

"बैठकीत."

"ही खेळते काय त्याच्यात?"

पोरगीच म्हणाली, "मी झोपते त्याच्यात."

"डॉक्टर रुईबी म्हणाले होते, म्हणजे कापूस," सासूबाई म्हणाल्या आणि स्वेटर बादलीत टाकायला गेल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

रविवारी संध्याकाळी ती चटईवर चित्र काढत बसली होती आणि तिचं तोंड बंद होतं. मी जवळ जाऊन कान लावला. दोन्ही नाकपुड्या चालत होत्या. आईला आनंद व्हायला पाहिजे, नाही का? मी मात्र आत जाऊन सोमवारच्या बॅगेत तिचे कपडे भरले. ती माझ्यासोबतच आली.

गावी पोचल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कापूस काय रोग असते काय? तू नाही लोळली त्याच्यात?"

"लोळली न."

"मग?"

मग काय, मलाही माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाबांनी बैठकीच्या दाराला ताडपत्री ठोकली होती, कडांना चिखल लावून बंद केली होती. मायनं बाकी घर ओल्या फडक्यानं पुसलं होतं. पोरगी ताडपत्रीसमोर पाय आपटत रडत होती, आत जायचं म्हणून. रडून नाक आणखी भरलं. आणि ताडपत्रीनं काय होणार? संध्याकाळी वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन यायच्या, अंगणात मोजायच्या, वारा सुटायचा. बाबांच्या शर्टावर कापूस, मायच्या केसांत कापूस, भाताच्या पातेल्यात कापूस. घरात पाऊल ठेवणारा प्रत्येक माणूस तो घेऊनच येत होता.

आठवडाभर हे पाहून बाबा जेवता जेवता म्हणाले, "भाव नाही, तरी उद्या गाडी बोलावतो. खाली करून टाकतो खोली."

माय वाढता वाढता थांबली.

मी म्हटलं, "राहू द्या. दुसरा वेचा आहे, तिसरा आहे. होळीपर्यंत येतच राहणार. तो कुठं ठेवाल?"

बाबांनी हात धुतले. त्यांना माझ्याकडे पाहवत नव्हतं, हे मला दिसलं.

सौंसरला खोली घ्यावी, असंही मनात आलं. पण मी शाळेत गेल्यावर पोरगी कोणाजवळ? वेचणीच्या दिवसांत मायला घर सुटत नाही. रजा होत्या तेवढ्या नाकातच गेल्या होत्या. बदलीचा अर्ज जिथे असतो तिथे होता. राहिलं एकच घर, जिथे पडदे काढले होते, घमेल्यात पुदिना लावला होता आणि जिथे तिचं तोंड बंद राहत होतं. ते घर मीच तसं करून घेतलं होतं, भांडून.

शनिवारी मीच म्हटलं, "कापूस संपेपर्यंत ठेवा तिला."

सासूबाई म्हणाल्या, "ठेवते." जिंकल्याचं तोंडावर काही नव्हतं. मी शोधलं. "थेंब कसे टाकते तू, मले दाखव," असं म्हणून त्या समोर मांडी घालून बसल्या. मी दाखवलं. बाटली आधी मुठीत धरायची. मान एवढीच मागे. थांबायचं. बोळ्याचा खेळही सांगितला. त्या म्हणाल्या, "बोळा नको, कागदाचा तुकडा ठेवीन." मी म्हटलं, हो, कागद ठेवा.

सोमवारी ती माझ्या पदराला धरून रडली. मला वाटलं होतं बसमध्ये आपल्यालाही रडू येईल. नाही आलं. कंडक्टरनं विचारलं, आज पोरगी कुठं? म्हटलं, आजीजवळ. शाळेत हजेरी घेतली, पाढे म्हणवून घेतले, खिचडी वाटताना उभी राहिले. घरी आले. माय म्हणाली, चहा घे, मी घेतला. संध्याकाळी नाकाची वेळ झाली आणि मी तशीच बसून राहिले. माझ्या गादीवरून पुरा हात पसरला तरी कोणाला लागत नव्हता. लोक म्हणतात आतडं तुटते. माझं काही तुटलं नाही, सुन्न पडलं. बधिर झालेल्या दातासारखं, जीभ लावली तरी समजत नाही आहे की नाही.

रोज नवरा व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. ती फोन इतका जवळ घ्यायची की मला नुसत्या दोन नाकपुड्या दिसायच्या. "बघ. दोन्ही चालू आहेत." मी म्हणायची, शाबास. मागून सासूबाईंचा आवाज यायचा, फू करून दाखव आईला. मग कागद उडायचा, तो मला दिसायचा नाही.

शनिवारी मी जायचीच. पहिल्या काही सोमवारी ती रडली. मग दारापर्यंत येऊन टाटा करायला लागली. मग मी निघायची तेव्हा झोपलेली असायची आणि कोणी उठवत नव्हतं, मीही नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. अंगावर जरा मांस आलं. नाकावरची रेघ पुसट झाली. शेजारच्या बायका म्हणत, आजीच्या हाताला गुण आहे. मी म्हणायची, आहे.

होळीच्या सुमाराला बाबांनी सगळा कापूस विकला. मला न विचारता त्यांनी बैठक रिकामी करून भिंतींना चुना मारला, फरशी सोड्याच्या पाण्यानं धुतली, खिडकीच्या जाळीतले तंतू खराट्यानं काढले. माय म्हणाली, दोन दिवस तोंडाला फडकं बांधून करत होते, कोणाला हात लावू देत नव्हते. शनिवारी मी निघाले तेव्हा बाबा ओसरीवर उभे होते. "घेऊन ये आता तिले," म्हणाले. "एक धागा नाही ठेवला म्या."

मी रिकामी बॅग घेतली, तिच्या कपड्यांसाठी. बसमध्ये पहिल्यांदाच मला काहीतरी वाटत होतं. भूक लागल्यासारखं. सौंसरच्या स्टँडवर उतरून भजी घेतली आणि ती मला चवीला लागली.

पांढुर्ण्याला पोचले तेव्हा दुपार होती. नवरा दुकानात. आतल्या खोलीत चटईवर पोरगी झोपलेली, सासूबाईंच्या दंडावर डोकं ठेवून. सासूबाईही झोपल्या होत्या. पोरीचं तोंड बंद होतं, श्वास नाकानं येत-जात होता, कसलाही आवाज न करता. मी दारात बॅग घेऊन उभी राहिले आणि मला वाटलं, वाजावं. थोडं तरी वाजावं तिचं नाक. स्वतःच्या लेकराबद्दल मला तसं वाटलं आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

ती उठली. मला पाहून हसली, गळ्यात पडली. लाजत नव्हती, रुसलीही नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं. ओसरीवर कोणीतरी झाडून राहिलं होतं, तिला दोन-तीन शिंका आल्या आणि एक नाकपुडी भरली. माझा हात आपोआप कोनाड्यातल्या बाटलीकडे गेला. मुठीत धरली, कोमट केली. तिला आडवं घेऊ लागले तर ती ताठ झाली.

"तू नको. आजी टाकते."

"अगं, आईच टाकत होती आधी," सासूबाई म्हणाल्या. "टाकू दे न बेटा आईले."

ती उठून त्यांच्या मांडीवर जाऊन स्वतःच आडवी झाली, मान जराशी मागे करून. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी थेंब टाकले, थांबल्या, दुसरीकडे टाकले. मी शिकवलं होतं अगदी तसं.

मी तिच्या पायांवर हात ठेवून म्हटलं, "गावाला येशील माझ्यासंग? आजोबांनी घर धुऊन ठेवलं तुझ्यासाठी."

तिनं छताकडे पाहत विचार केला. मग म्हणाली, "नको. तुझ्याजवळ नाक बंद होते."

सासूबाई तिला दटावणार होत्या, मी हातानंच राहू द्या म्हटलं. लेकरू खोटं बोलत नव्हतं. तिनं उठून बसून कागद उडवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि मग खेळायला बाहेर पळाली. अंगणातून तिचं बोलणं ऐकू येत होतं, स्वच्छ, गेंगाणं अजिबात नाही.

सासूबाईंनी बाटलीला झाकण लावलं. ते लागलं होतं तरी फिरवत राहिल्या. मग माझ्या बॅगेकडे पाहिलं, ती रिकामी होती ते दिसतच होतं.

"कापूस संपला काय तुमच्याकडचा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून आहे."